कॅनोलाचं पीक आणि प्रेअरीचं हवामान: नव्याने शिकणाऱ्यांनी हंगाम कसा वाचावा

२०२० साली कॅनडात कॅनोला या तेलबियांच्या पिकाचं साधारण १ कोटी ९५ लाख टन उत्पादन निघालं. २०२१ मध्ये पेरा उलट वाढला होता, तरी उत्पादन १ कोटी ४० लाख टनांच्या घरात आलं. कारण विचारलं तर कोणीही एका शब्दात सांगेल: दुष्काळ. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. त्या वर्षी जमिनीतली ओल हंगामाआधीच आटली होती, आणि जूनअखेरची उष्णतेची लाट नेमकी फुलोऱ्याच्या तोंडावर आली. यातली एकच गोष्ट घडली असती, तर नुकसान एवढं झालं नसतं.

शेतमालाच्या बाजारात काम करणारे, हवामानाच्या आकडेवारीतून उताऱ्याचा, म्हणजे एकरी उत्पादनाचा, अंदाज बांधू पाहणारे विद्यार्थी, किंवा प्रेअरी, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या गवताळ मैदानांच्या प्रांतांत नव्याने शेतीशी संबंध आलेले लोक, यांच्यासाठी हा लेख आहे. शेतीची थोडी ओळख गृहीत धरली आहे, कॅनोलाची नाही.

कॅनोला म्हणजे मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचा सुधारलेला प्रकार. मॅनिटोबा विद्यापीठातले बाल्डर स्टेफानसन आणि सास्काटूनचे कीथ डाउनी यांच्या कामातून तो घडला. १९७४ साली ‘टॉवर’ हे वाण आलं, आणि १९७८ मध्ये ‘कॅनोला’ हे नाव नोंदवलं गेलं. तेलात इरुसिक आम्ल (एक मेदाम्ल) २ टक्क्यांपेक्षा कमी असणं ही त्याची मुख्य अट. हवामानाच्या दृष्टीने मात्र त्याचा दुसराच गुण महत्त्वाचा आहे: हे झाड भरपाई करतं. शेंडा मोडला तर बाजूने फुटवे काढतं, फुलं गळली तर पुन्हा फुलतं. पण भरपाईला दोन गोष्टी लागतात, जमिनीत ओल आणि हातात दिवस. पुढे जे काही येणार आहे, ते या दोन गोष्टींचा हिशेब आहे.

पहिली पायरी: नकाशाचे तुकडे करा

‘प्रेअरीचं हवामान’ असं काही एक नसतं. सस्कॅचवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांत मिळून दोन कोटी एकरांच्या आसपास कॅनोला असतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या सस्कॅचवानमध्ये. एवढ्या पसाऱ्याला एक सरासरी तापमान लावणं हा नवख्यांचा पहिला घोटाळा.

सुरुवात मातीच्या पट्ट्यांपासून करा. नैऋत्य सस्कॅचवान आणि आग्नेय अल्बर्टा, म्हणजे स्विफ्ट करंट आणि मेडिसिन हॅटचा भाग, हा तपकिरी मातीचा कोरडा पट्टा. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या मोहिमेने हा प्रदेश पाहिला आणि तो शेतीला फारसा लायक नसल्याचं मत दिलं. आजही त्याला पॅलिसर त्रिकोण म्हणतात. त्याच्या उत्तरेला कमानीसारखी गडद तपकिरी, मग काळी आणि शेवटी जंगलाच्या कडेला करडी माती लागते. काळ्या पट्ट्याचा काळेपणा शतकानुशतकं कुजलेल्या गवतामुळे आला आहे, बेसाल्टमुळे नव्हे. कॅनोलाचं खरं घर हा काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजू.

दक्षिणेला दिवस पुरतात, पाणी पुरत नाही. उत्तरेला पाणी बहुधा पुरतं, दिवस पुरत नाहीत. म्हणून उन्हाळा कोरडा आणि उबदार गेला, तर दक्षिणेचं नुकसान होतं आणि उत्तरेच्या काही भागांना फायदा होऊ शकतो. थंड, ओल्या उन्हाळ्यात हे गणित उलटतं. दोन्हींची सरासरी काढली की ‘हवामानाचा परिणाम नाही’ असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. दक्षिण अल्बर्टातल्या लेथब्रिजच्या आसपासचं कालव्याच्या पाण्यावरचं क्षेत्र तर वेगळंच धरा. त्याला पावसाचे नियम लागू नाहीत.

दुसरी पायरी: हिशेब आदल्या शरद ऋतूपासून मांडा

मीसुद्धा सुरुवातीला मे ते ऑगस्टचा पाऊस घेऊन बसलो होतो आणि उताऱ्याशी त्याचं नातं का जुळत नाही म्हणून डोकं खाजवत होतो. चूक साधी होती. पीक नुसत्या पावसावर वाढत नाही, जमिनीत आधीपासून असलेल्या पाण्यावरही वाढतं.

चांगल्या पिकाला हंगामभर ४०० मिलिमीटर किंवा त्याहून थोडं जास्त पाणी लागतं. सस्कॅचवानमधल्या सास्काटून शहरात मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मॅनिटोबातल्या विनिपेगला ३०० च्या आसपास. मधली तूट कुठून भरून निघते? आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसातून आणि वितळलेल्या बर्फातून. कॅनोलाची मुळं मीटरभर किंवा त्याहून खोल जातात, त्यामुळे खालची ओल पिकाला मिळते. चिकण जमीन हे पाणी भरपूर धरून ठेवते, वाळूसर जमीन त्याच्या जेमतेम निम्मं. एकाच गावात, एकाच पावसात, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे उतारे दिसतात ते यामुळे.

बर्फाबद्दल एक सावधगिरी. भरपूर बर्फ म्हणजे भरपूर ओल असं नाही. जमीन ओली असतानाच गोठली असेल, तर वसंतात बर्फाचं पाणी आत मुरत नाही, वरून वाहून सखल भागात साचतं. उलट उंच धसकटं ठेवलेल्या रानात वाऱ्याने उडणारा बर्फ अडकतो आणि वितळताना तिथेच मुरतो. म्हणून बर्फाच्या जाडीपेक्षा जमीन गोठण्याआधीच्या ओलीचे नकाशे पाहा. प्रांतांचे कृषी विभाग ते काढतात, आणि केंद्र सरकारच्या कृषी खात्याचा ‘कॅनेडियन ड्रॉट मॉनिटर’ दर महिन्याला दुष्काळाची प्रत दाखवतो. शेतावर जाता येत असेल, तर टोकाला गोळी असलेली लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहा. ओलसर मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. बाकी उपकरणं नंतर घ्या.

तिसरी पायरी: तारखांऐवजी अवस्थांचं कॅलेंडर बनवा

‘१० जुलैला ३३ अंश तापमान होतं’ ही माहिती एकटी निरुपयोगी आहे. त्या दिवशी पीक कळीत होतं, फुलात होतं की शेंगेत, हे कळलं तरच तिला अर्थ येतो.

यासाठी उष्णमानाचे दिवस मोजतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनने भागा, त्यातून ५ वजा करा. कमाल २४, किमान ८ असेल तर सरासरी १६, आणि वजाबाकी करून ११. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य धरा. पेरणीच्या दिवसापासून ही बेरीज करत राहिलं की पीक कुठल्या अवस्थेत असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. रोजची तापमानं केंद्राच्या पर्यावरण विभागाच्या जुन्या नोंदींत मिळतात, अल्बर्टासाठी प्रांताची स्वतःची हवामान केंद्रं आहेत.

ढोबळ वेळापत्रक असं: पेरणी मे महिन्यात, जूनमध्ये जमिनीलगत पानांचा पसारा, जूनअखेरपासून जुलैभर फुलोरा, मग दाणा भरणं, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर कापणी आणि मळणी. पण एका जिल्ह्यातही पेरणी दोन-तीन आठवडे चालते. म्हणून एक तारीख धरू नका. सस्कॅचवानचा कृषी विभाग हंगामात दर आठवड्याला पीक अहवाल काढतो, त्यात किती टक्के पेरणी झाली ते असतं. त्यावरून लवकरची, मधली आणि उशिराची अशी तीन वेगळी कॅलेंडरं मांडा. उष्णतेची लाट आली तर तिने यातल्या कुठल्या गटाला फुलात गाठलं, हा पुढचा प्रश्न.

चौथी पायरी: प्रत्येक अवस्थेला तिचा शत्रू ओळखा

उगवण. बी बारीक, पेरायचं अर्धा ते एक इंच खोल. वरचा थर कोरडा असेल तर बी तसंच पडून राहतं. जोराच्या सरीनंतर जमिनीला पपडी धरली तर कोंब खालीच गुदमरतो. मातीचं तापमान ५ अंशांच्या आसपास असेल तर उगवण होते, पण रेंगाळत. या रेंगाळण्याचा फायदा फ्ली बीटल नावाचे उड्या मारणारे भुंगेरे घेतात. कोरड्या, थंड मातीत रोप हळू वाढतं, आणि मध्येच ऊन पडलं की भुंगेरे पानं खायला सुटतात. नुकसान किड्याने केलं असं नोंदीत दिसतं, पण त्याला वेळ हवामानाने दिलेला असतो.

याच काळात फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी. गव्हाचा वाढीचा बिंदू या वयात मातीखाली असतो, कॅनोलाचा वर, दोन बीजपत्रांच्या मध्ये, उघडा. उणे ३-४ अंशांत कोवळी रोपं जातात. आधी काही थंड दिवस सोसलेली रोपं मात्र याहून जास्त थंडी काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी पडलेली पानं पाहून लोक घाबरतात. घाईने दुबार पेरणी करू नका. चार-पाच दिवस थांबा, मग मधला बिंदू हिरवा आहे का ते पाहा. शिफारस चौरस मीटरला ५० ते ८० रोपांची असते, पण त्याहून विरळ पीकही फुटवे काढून जागा भरतं. दुबार पेरलेल्या पिकाचे दोन-तीन आठवडे हातातून जातात आणि ते शरदाच्या फ्रॉस्टच्या तोंडी जातं. विरळ पण लवकरचं पीक अनेकदा दाट पण उशिराच्या पिकाला मागे टाकतं, हे प्रदेशाचा अंदाज बांधतानाही लक्षात ठेवा: मे महिन्यातल्या फ्रॉस्टच्या बातम्यांवरून उतारा कापू नका.

पानांचा पसारा. हा काळ तुलनेने शांत. थोडा ताण झाड सोसतं. रानात पाणी साचून राहिलं तर मात्र मुळांना हवा मिळत नाही, आणि दोन-तीन दिवसांत पानं जांभळट-पिवळी पडू लागतात.

फुलोरा. हंगामाचा निकाल बहुतेक इथेच लागतो. दिवसाचं तापमान २९-३० अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होऊ लागतात. कळ्या वाळतात, फुलं शेंग न धरता गळतात. रात्री गार असल्या तर झाड सावरतं. रात्रीचं तापमानही १६ च्या वर राहिलं तर सावरायला वाव उरत नाही. म्हणून कमाल तापमानाच्या शेजारी किमान तापमानाचा रकाना ठेवाच. नवखे तो हमखास गाळतात.

एरवीही कॅनोला आपल्या सगळ्या फुलांच्या शेंगा करत नाही. निम्म्याच्या आसपास फुलं अशीच वाया जातात. म्हणजे थोडी पडझड मुळात हिशेबात धरलेली असते. तीन दिवस ३२ अंश आणि मग गारवा, जमिनीत ओल, तर झाड पुन्हा फुलतं. ऑगस्टमध्ये शेतात गेलात तर मुख्य दांड्यावर उष्णतेची तारीख वाचता येते: खाली शेंगा, मध्ये बोटभर मोकळा दांडा, वर पुन्हा शेंगा. मोकळा भाग म्हणजे लाटेचे दिवस. त्याच्या वर शेंगा असतील तर भरपाई झाली, नसतील तर ओल संपली होती.

२०२१ मध्ये हेच झालं. २९ जूनला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी ४९.६ अंशांची कॅनडातली विक्रमी नोंद झाली. ती लाट पूर्वेकडे सरकत प्रेअरीवर पसरली आणि जुलैही तापलेलाच राहिला. लाट ओसरल्यावर पुन्हा फुलायला लागणारं पाणी बऱ्याच रानांत नव्हतं.

फुलोऱ्यातला पाऊस हवा असतो, पण त्याची किंमत असते. स्क्लेरोटिनिया या बुरशीचे कण ओलसर जमिनीतून उठतात, गळणाऱ्या पाकळ्यांवर बसतात, पाकळी पानाच्या बेचक्यात अडकते आणि खोड कुजायला लागतं. दाट, जोमदार पीक याला जास्त बळी पडतं. शिवाय दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर तुडतुडे आणि पतंग येतात. २०१२ हे वर्ष यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. पाऊस बऱ्याच ठिकाणी चांगला होता, अपेक्षा मोठ्या होत्या, आणि उतारा एकरी २८ बुशेलच्या (कॅनोलाचा एक बुशेल म्हणजे २२.६८ किलो) आसपास अडकला. जुलैची उष्णता, खोडकुज आणि तुडतुड्यांनी पसरवलेला अ‍ॅस्टर यलोज रोग, सगळं एकदम आलं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, वसंत इतका उशिरा आला की पेरणी लांबली, लोक काळजीत होते. पण उन्हाळा सौम्य गेला आणि उतारा ४० बुशेलपर्यंत जाऊन तोवरचा विक्रम झाला.

दाणा भरणं. या काळात गारवा असेल तर दाणा सावकाश भरतो आणि त्यात तेल जास्त येतं. उष्णतेत तेल घटतं, प्रथिनं वाढतात. कॅनडाच्या कॅनोलात एरवी ४४ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. २०२१ मध्ये ते ४१ टक्क्यांच्या आसपास उतरलं. म्हणजे टन कमी, आणि प्रत्येक टनात तेलही कमी. तेल गाळणाऱ्यांना हा दुसरा फटका जास्त जाणवतो, पण उताऱ्याच्या आकड्यात तो दिसत नाही.

पक्वता. इथे शत्रू आहे सप्टेंबरचा पहिला फ्रॉस्ट. पिकताना दाण्यातलं हरितद्रव्य हळूहळू नाहीसं होतं. दाण्यात ओलावा असतानाच थंडी पडली तर ही प्रक्रिया थांबते आणि हिरवेपणा आत कोंडला जातो. तेल हिरवट येतं. प्रतवारीत पहिल्या दर्जाला ठळक हिरवे दाणे २ टक्क्यांपर्यंतच चालतात, दुसऱ्याला ६. तपासणी मजेशीर आहे: शंभर दाणे चिकटपट्टीवर ओळीत बसवायचे, रूळ फिरवून चिरडायचे आणि हिरवे मोजायचे. उतारा पूर्ण हाती आला आणि भाव मात्र गेला, अशी वर्षं या एका रात्रीमुळे होतात.

वाळलेल्या शेंगांना वारा आणि पाऊस-उन्हाचा खेळ सोसत नाही, त्या तडकतात. न तडकणारी वाणं आल्यापासून ही भीती बरीच कमी झाली आहे, त्यामुळे जुन्या वर्षांचे वाऱ्याचे धडे आजच्या पिकाला जसेच्या तसे लावू नका. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ओल्या शरदानंतर लवकर बर्फ पडला आणि काही रानं मळणीविना हिवाळाभर तशीच राहिली.

पाचवी पायरी: गारपीट बाजूला ठेवा

अल्बर्टात गारपिटीचा ठरावीक पट्टाच आहे. ज्याच्या शेतावर गारा पडतात त्याचं वर्ष जातं, पण प्रदेशाच्या सरासरीत ती क्वचितच ठळक दिसते, कारण ती अरुंद पट्ट्यात पडते. जूनच्या गारांतून पीक फुटवे काढून उठतं. ऑगस्टच्या गारांत शेंगाच फुटतात, तिथे भरपाई नाही. विम्याच्या नोंदी मिळाल्या तर वेगळा रकाना करा, पावसाच्या आकड्यात मिसळू नका.

सहावी पायरी: प्रदेशाचा एक आकडा काढताना

आधी एकक नीट करा. कॅनोलाचा बुशेल ५० पौंडांचा, म्हणजे २२.६८ किलोचा. गव्हाचा ६० पौंडांचा असतो. एकरी ४० बुशेल कॅनोला म्हणजे हेक्टरी साधारण २.२४ टन.

जिल्ह्यांचे उतारे एकत्र करताना क्षेत्राचं वजन द्या. आणि भागाकार कशाने केला आहे ते तपासा. जाहीर होणारा उतारा बहुधा काढणी झालेल्या क्षेत्रावर असतो. दुष्काळात काही रानं जनावरांच्या चाऱ्यासाठी कापली जातात किंवा सोडून दिली जातात. ती भाजकातून गळाली की सरासरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. खराब वर्षात पेरलेल्या क्षेत्रावरचा उतारा स्वतः काढून पाहा.

दुसरी गोष्ट, सुधारत जाणाऱ्या वाणांची. २००० सालाच्या आसपास एकरी पंचविशीतला उतारा नेहमीचा होता, आता चाळिशीच्या आसपास असतो. त्यामुळे एखादं वर्ष चांगलं की वाईट हे वीस वर्षांच्या सपाट सरासरीवरून ठरवू नका. चढत्या रेषेपासून ते किती वर-खाली गेलं ते पाहा. हवामानाचा परिणाम त्या फरकात असतो.

आकडे कधी येतात तेही माहीत असावं. स्टॅटिस्टिक्स कॅनडा ही सरकारी सांख्यिकी संस्था ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये उपग्रह आणि हवामानाच्या माहितीवर आधारलेले अंदाज देतं, डिसेंबरमध्ये शेतकऱ्यांना विचारून काढलेला आकडा देतं, आणि तोही पुढे दुरुस्त होतो. सरावासाठी नेहमी दुरुस्त झालेला आकडा वापरा, पण त्या ऑगस्टमध्ये लोकांना काय वाटत होतं तेही शेजारी लिहून ठेवा.

सातवी पायरी: दोन जिल्हे, चार वर्षं

संगणकाचं मोठं प्रतिमान चालवण्याआधी हे हाताने करा. काळ्या पट्ट्यातला एक जिल्हा आणि तपकिरी पट्ट्यातला एक निवडा. सस्कॅचवानमध्ये ग्रामीण पालिकांनुसार उतारे मिळतात, त्यामुळे तिथून सुरुवात सोपी. २०१२, २०१३, २०१९ आणि २०२१ ही वर्षं घ्या. प्रत्येकासाठी सात रकाने: गोठण्याआधीची ओल, पेरणीचा मधला आठवडा, फुलोऱ्यात २९ अंशांवर गेलेले दिवस, त्याच दिवसांत १६ च्या खाली न उतरलेल्या रात्री, फुलोऱ्यानंतरच्या तीन आठवड्यांचा पाऊस, पहिल्या फ्रॉस्टची तारीख, आणि रेषेपासूनचा उताऱ्याचा फरक.

शेवटचा रकाना झाकून ठेवा. आधीचे सहा वाचून फरक किती असेल ते पेन्सिलीने लिहा आणि मग उघडून पाहा. २०१९ ला बहुतेक जण चुकतात, कारण दाणे शेतात होते आणि मळणीच अडली होती. ते कळण्यासाठी आठवा रकाना लागतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या कोरड्या दिवसांचा, आणि तो तुम्हाला स्वतःहून सुचला पाहिजे म्हणून मी वर लिहिला नव्हता.